घरी मारलेल्या क्लिअरला पेपर लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी गाडी घरच्या गॅरेजमध्ये उघडून, पत्र्याचं काम करून रंगवायला घेतली आहे. दरवाजे आणि फेंडर यांच्यावर मेटॅलिक बेस (धातूचे बारीक कण असलेला रंग) आणि त्यावर टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक थराचे) तीन हात मारून झाले. चमक आली, पण ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आहे, दोन ठिकाणी ओघळ आहेत आणि धुळीचे कण बसले आहेत. बॉनेट आणि छप्पर अजून बाकी आहे. घासायला कधी घ्यायचं, कितीच्या पेपरने सुरुवात करायची आणि उरलेल्या भागांना काय वेगळं करायचं?

पेपरचा नंबर नंतर ठरवू. आधी पत्र्यावर क्लिअर किती जाड आहे हे कळलं पाहिजे, कारण घासणं आणि बफिंग (मशीनच्या पॅडने चमकवणं) या दोन्ही गोष्टी थर फक्त कमी करतात, भर कशानेच पडत नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, म्हणजे छपाईचा एखादा कागद किंवा त्याहून थोडंसं जास्त. त्यातला क्लिअरचा वाटा ४०-५० मायक्रॉनच्या आसपास असतो. गनने मारलेला क्लिअरचा एक चांगला ओला हात सुकल्यावर २० ते ३० मायक्रॉन उरतो. म्हणजे तुमचे तीन हात खरोखर भरलेले असतील तर ६० ते ९० मायक्रॉन हाताशी आहेत. ऑरेंज पील सपाट करून बफ करेपर्यंत त्यातले १० ते २० सहज जातात, खरबरीत पृष्ठभाग असेल तर अधिक. उरलेल्या थरात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात आणि खालच्या रंगाचं रक्षण तेच करतात. थर फार पातळ केला तर गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसेल, पण काही उन्हाळ्यांत क्लिअर पांढरं पडून पापुद्रे निघायला लागतील.

जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीने एकूण जाडी सांगतं. क्लिअर वेगळं मोजत नाही. म्हणून बॉनेट आणि छपरावर बेस सुकल्यावर, क्लिअर मारण्याआधी, त्याच त्या जागांवर आकडे लिहून ठेवा आणि क्लिअर पूर्ण सुकल्यावर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं क्लिअर. ताज्या बेसवर यंत्राचं टोक उमटू शकतं, त्यामुळे सोबत एक लोखंडी पट्टी रंगवून तिच्यावर मोजलेलं जास्त बरं. दरवाजांवर आता असा फरक काढता येणार नाही, आणि पुट्टी असलेल्या जागी आकडा भलताच मोठा येईल, त्यावर विसंबू नका. तिथे तीनाऐवजी दोनच हात आहेत असं धरून चालणं शहाणपणाचं, कारण हाताने मारलेल्या गनचे सगळे हात सगळीकडे सारखे पडत नाहीत.

आता क्रमाबद्दल, कारण इथेच बरंच काम वाया जाताना दिसतं. दरवाजे बफ करायची घाई करू नका. कम्पाऊंड (बफिंगची बारीक घासणारी पेस्ट) आणि पॉलिशमधलं तेल, काहींमधलं सिलिकॉन, बफिंगच्या पॅडवरून उडून भिंतींवर, छतावर, मास्किंगच्या कागदावर जातं. त्याच जागेत नंतर बॉनेटवर बेस मारला की रंग गोल गोल फाकतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. टायर चमकवायचा स्प्रे, डॅशबोर्डचं पॉलिश, गंज सोडवायचा स्प्रे, यांपैकी काहीही रंगकाम पूर्ण होईपर्यंत त्या गॅरेजमध्ये उघडायचं नाही. दरवाजे आता पाण्याने घासून ठेवा, हवं तर १५०० पर्यंत, निघालेला गाळ धुऊन काढा, मग बॉनेट आणि छप्पर रंगवा, आणि बफिंग सगळ्या गाडीचं शेवटी एकदमच करा. याचा आणखी एक फायदा आहे. घासलेल्या पृष्ठभागातून अडकलेला थिनर लवकर बाहेर पडतो. क्लिअर पूर्ण बसण्याआधी बफ केलं तर नंतर ते आकसतं आणि पुसले गेलेले पेपरचे ओरखडे पुन्हा वर दिसायला लागतात. चमक मालवल्यासारखी होते. घासणं आणि बफिंग यांच्यात काही दिवस गेले की हा धोका बराच कमी होतो.

घासायला कधी घ्यायचं, याचं पहिलं उत्तर तुमच्या क्लिअरच्या तांत्रिक माहितीपत्रकात आहे. साधारणपणे २० अंश सेल्सिअसला रात्रभर सुकलेलं क्लिअर एक-दोन दिवसांत घासण्याजोगं होतं. टू-के क्लिअर नुसतं वाळत नाही, त्यातल्या अॅक्रिलिक रेझिनची हार्डनरमधल्या आयसोसायनेटशी रासायनिक प्रक्रिया होते, आणि थंडीत ती फार मंदावते. १० अंशांखालच्या गॅरेजमध्ये दिवस मोजण्यात काही अर्थ नाही. दाराच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर नख दाबून बघा. खूण उमटली तर थांबा. पेपर चिकट गोळ्यांनी भरत असेल, कोरडी पांढरी भुकटी सुटत नसेल, तरी थांबा. महिनाभर राहून गेलं तरी बिघडत नाही, फक्त क्लिअर कडक झालेलं असतं आणि मेहनत वाढते.

पहिल्यांदा ओघळ आणि कण. ओघळ आजूबाजूच्या रंगापेक्षा बराच जाड असतो, वरून कडक आणि आतून मऊ. त्याला इतर भागापेक्षा जास्त दिवस द्या. घाईने पेपर लावला तर तो फाटून खड्डा पडतो. ओघळाच्या दोन्ही बाजूंना अगदी कडेपर्यंत मास्किंग टेप लावा, किंवा त्याच्यावरून आणि आजूबाजूला बारीक पुट्टीचा पातळ हात ओढून सुकू द्या, म्हणजे शेजारचं चांगलं क्लिअर झाकलं जातं. मग लहान कडक ब्लॉकला १००० किंवा १२०० चा पेपर गुंडाळून फक्त उंचवटा उतरवायचा. नवं ब्लेड उभं धरून हलक्या हाताने खरवडण्याची पद्धतही चांगली आहे, मात्र ब्लेडचे कोपरे आधी थोडे घासून बोथट करा, नाहीतर तेच कोपरे रेघ ओढतात. ओघळ जवळजवळ सपाट झाला की थांबा. उरलेलं पुढच्या पेपरने निघेल. बोटाखाली पेपर धरून ओघळ घासू नका. बोट उंचवट्यावरून सरकतं आणि त्याच्या बाजूला खड्डा पाडतं. सुट्या धुळीच्या कणांसाठी अख्खा दरवाजा घासायची गरज नसते, रुपयाएवढ्या ब्लॉकवर २००० चा तुकडा पुरतो.

मग ऑरेंज पील. सुरुवात १५०० ने करा. फारच जाड असेल आणि क्लिअर भरपूर असल्याची खात्री असेल तरच १२००. १००० चा पेपर अख्ख्या पॅनेलवर चालवायला मी सांगणार नाही. कारण कणांच्या आकारात आहे: पी १००० चा कण सरासरी १८ मायक्रॉनचा, पी १५०० चा साडेबारा, पी २००० चा १० च्या जवळपास. जाड कणाचा ओरखडा काढायला त्याच्या तळापर्यंतचं क्लिअर खाली आणावं लागतं, म्हणजे सुरुवातीचा पेपर जितका खरबरीत तितका खर्च तुम्ही आधीच ठरवून टाकता.

पेपर आधी पाण्यात पुरेसा वेळ भिजू द्या, नाहीतर त्याच्या दुमडलेल्या कडा रेघा मारतात. बादलीतल्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. सपाट भागावर कडक रबरी ब्लॉक वापरा, वळणावर मऊ फोमचा. फार मऊ ब्लॉक ऑरेंज पीलच्या चढउतारांवरून तसाच फिरतो, चमक घालवतो पण सपाटी आणत नाही. बफिंगनंतर तीच साल पुन्हा दिसते. हात सरळ रेषेत, एका दिशेने चालवा. पुढचा पेपर त्याला छेद देऊन चालवा, म्हणजे मागचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. दर काही फेऱ्यांनंतर रबरी वायपरने पाणी ओढून घ्या आणि तिरक्या उजेडात बघा. घासलेला भाग मळकट, एकसारखा दिसेल आणि त्यात चमकणारे बारीक ठिपके असतील. ते ठिपके म्हणजे सालीतले खळगे. ठिपके लहान होत होत जवळजवळ संपले की थांबा. शेवटचा ठिपका काढण्यासाठी अख्ख्या पॅनेलवरचं क्लिअर खर्ची घालू नये, हे माझं ठाम मत आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर किंचित साल राहिली तर ती कोणाला खुपत नाही, शिवाय कारखान्याच्या रंगालाही ती असतेच.

पाण्याचा रंग बघत राहा. क्लिअर घासताना गाळ पांढरा दुधी येतो. त्यात गाडीचा रंग दिसला की तुम्ही बेसवर पोहोचलात, तिथे हात त्याच क्षणी उचलायचा. बेस फुटतो तो बहुधा कडांवर आणि दाराच्या मधल्या कंगोऱ्यावर. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर आधीच पातळ असतो, आणि ब्लॉकचा सगळा दाब नेमका त्याच रेषेवर येतो. म्हणून घासायच्या आधी सगळ्या कडांवर आणि कंगोऱ्यांवर बारीक मास्किंग टेप लावून घ्या. सपाट भाग २००० पर्यंत आला की टेप काढा आणि ती पट्टी हातानेच, २००० किंवा ३००० च्या दोन-चार हलक्या फेऱ्यांत मिळवून घ्या. तेवढं पुरतं.

शेवटचा पेपर ३००० चा असावा. ड्युअल अॅक्शन मशीनवर (पॅड गोल फिरता फिरता डोलणारं मशीन) फोमची ३००० ची डिस्क ओली करून चालवली तर कम्पाऊंडचं काम निम्म्याहून कमी होतं. इथे घालवलेला वेळ पुढे भरून निघतो. ज्यांना बफिंगमध्ये घाम फुटतो, त्यांनी २००० चे ओरखडे नीट काढलेले नसतात, आणि मग ते मशीनचा वेग आणि दाब वाढवत जातात.

बफिंगसाठी घरी काम करणाऱ्याला मी ड्युअल अॅक्शन पॉलिशरच सुचवेन. रोटरी मशीन (पॅड फक्त गोल फिरवणारं) लोकरीच्या पॅडने झपाट्याने काम करतं, पण एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी क्लिअर तापून मऊ पडतं आणि कडेवर तर सरळ पत्रा दिसतो. रोटरी वापरायचीच असेल तर वेग १००० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवा, पॅड सपाट ठेवा, आणि कडेजवळ पॅडची फिरकी पॅनेलवरून बाहेरच्या दिशेला जाईल असं मशीन धरा. आत येणारी फिरकी कडेला आदळते आणि ती खरवडून टाकते. एका वेळी दोन हातांत मावेल एवढाच भाग घ्या. मधूनमधून तळहाताची मागची बाजू लावून बघा, हात ठेववत नसेल तर थांबा. कम्पाऊंडमधलं तेल ओरखडे बुजवून खोटी चमक दाखवतं. म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसून घ्या आणि मग उन्हात किंवा एकाच तेजस्वी दिव्याखाली बघा. कम्पाऊंड आणि पॉलिश यांचे पॅड वेगळे ठेवा, आणि जमिनीवर पडलेलं पॅड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नका.

आता बॉनेट आणि छप्पर. ऊन इथेच सरळ पडतं, पक्ष्यांची घाण इथेच पडते, म्हणून सगळ्यात जाड क्लिअर इथेच उरलं पाहिजे आणि पेपर इथेच सगळ्यात कमी चालला पाहिजे. त्यासाठी मेहनत घासण्याच्या आधी करावी लागते. सरफेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा प्रायमर) लांब ब्लॉकने ४०० पर्यंत आणि मेटॅलिकखाली शेवटी ६०० ने घासा. गाइड कोटची (खळगे दाखवण्यासाठी लावायची) काळी भुकटी फासून घासलं की खळगे आपोआप दिसतात. सरफेसरमधला लाटांचा दोष क्लिअर कधीच झाकत नाही, चमक आली की तो उलट उठून दिसतो. ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्याने लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने उचला. तसंच वाळू दिलं तर मेण आणि तेल जागच्या जागी पसरून राहतं.

ऑरेंज पीलचं मूळ बहुतेक वेळा हवेत असतं. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला भरपूर हवा लागते. लहान टाकीचा कॉम्प्रेसर अर्ध्या बॉनेटवरच दमतो, दाब उतरतो आणि थेंब मोठे पडायला लागतात. दाब गनच्या तोंडाशी, ट्रिगर दाबलेला असताना बघा. ट्रिगर सोडल्यावर दिसणारा आकडा फसवा असतो. क्लिअरसाठी १.३ किंवा १.४ मिलिमीटरची नोझल, पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर, मागच्या पट्ट्यावर पुढचा निम्मा चढवत एकाच गतीने हात चालवायचा. मनगट वळवून कमान काढली की मधे जाड आणि टोकांना कोरडं पडतं. पाणी काढायचा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात निघून जातं. आठ-दहा मीटर पाइपातून हवा थंड झाल्यावर फिल्टर लावला तर तो खरंच पाणी पकडतो.

मेटॅलिक बेसचा शेड दरवाजांशी जुळवायचा असेल तर त्याच डब्यातला, नीट ढवळलेला रंग घ्या आणि आधी एका कार्डावर मारून, क्लिअर देऊन दाराशेजारी धरा. ओला, जड हात मारला की धातूचे कण आत बसून शेड गडद येतो; कोरडा मारला की उजळ. गनची सेटिंग कार्डावर जमवायची, बॉनेटवर प्रयोग नको. बेसचा प्रत्येक हात पूर्ण मॅट दिसेपर्यंत थांबा, आणि माहितीपत्रकात दिलेल्या वेळेच्या आत क्लिअर चढवा. बेसमध्ये थिनर अडकून राहिला तर क्लिअरला बारीक भोकं पडतात किंवा नंतर चमक मालवते.

क्लिअरसाठी माझी पसंती दोन टप्प्यांना आहे. पहिल्या दिवशी दोन भरलेले हात. पूर्ण सुकल्यावर ६०० ते ८०० च्या पेपरने सपाट घासायचं, रंगाला न लागता, आणि धुऊन, पुसून वर आणखी दोन हात. खालचा पाया सपाट असल्यामुळे वरचा हात काचेसारखा पसरतो, मग शेवटी फक्त कण काढून २००० ने सुरुवात केली तरी चालते. जास्त दिवस लागतात, क्लिअरही जास्त लागतं, पण गनवर हात पूर्ण बसलेला नसताना याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. एकाच बैठकीत चार-पाच जाड हात चढवणं मात्र टाळा. वरचा थर बंद होतो आणि खालचा थिनर बुडबुड्यांच्या रूपाने फुटतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका. प्रमाण मापाच्या भांड्यातच मोजायचं. हार्डनरचा डबा वापरून झाला की लगेच घट्ट बंद करा, हवेतल्या ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होते. गढूळ झालेला हार्डनर फेकून द्या.

मास्कबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी हे सांगितल्याशिवाय गन हातात घ्या असं मी म्हणणार नाही. टू-के क्लिअरच्या तुषारातलं आयसोसायनेट घातक प्रमाणात असतानाही वासाने कळत नाही, त्यामुळे मास्कचा फिल्टर (कार्ट्रिज) संपला हे तुमचं नाक सांगू शकत नाही. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. रंगाच्या व्यवसायातल्या दम्याचं हे जुनं, सिद्ध झालेलं कारण आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच योग्य उपाय. सोबत नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, डोळ्यांवर संरक्षण. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही. स्प्रे कॅनमधल्या टू-के क्लिअरलाही हेच लागू. हवेचा मास्क मिळत नसेल तर तयारी घरी करा, क्लिअर स्प्रे बूथ (रंग मारायची खास खोली) असलेल्या ठिकाणी मारून घ्या आणि घासणं-बफिंग पुन्हा घरी करा. यात कमीपणा काहीच नाही.

त्याच गॅरेजमध्ये गिझरची ज्योत, शेगडी, ठिणगी पडणारं कोणतंही स्विच चालू नको. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते. पंखा बाहेर हवा ओढायला लावला तर त्याची मोटर नेमकी त्या वाफेत येते. त्यापेक्षा पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलेल असा बसवा, म्हणजे धूळही कमी येते. शेजारी मुलं किंवा उघडी खिडकी असेल तर ती बाजू आधी बघा.

घासताना कुठे बेस उघडा पडलाच, तर कम्पाऊंडने तो झाकता येत नाही. मेटॅलिकवर तर नाहीच. पूर्ण पॅनेल ८०० ने मारून घ्या, उघड्या जागी बेसचे पातळ हात बाहेरच्या बाजूला विरवत न्या आणि क्लिअर पॅनेलच्या कडेपासून कडेपर्यंत द्या. पॅनेलच्या मधोमध संपवलेल्या क्लिअरची कड पुढे कधीतरी उचलते.

बफिंगनंतर मेण किंवा सीलंट लगेच लावू नका. बहुतेक उत्पादक किमान ३० दिवस थांबायला सांगतात, काही ९० पर्यंत, कारण उरलेला थिनर थरातून हळूहळू निघत असतो. तोवर साधं पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो. पक्ष्यांची घाण दिसली की भिजवून लगेच उचलायची, आणि गाडीवर कव्हर टाकायचं नाही.